पाहुण्यांच्या शेवया

२०२५च्या सप्टेंबरातली गोष्ट. धाकटीच्या शाळेत 'आपापल्या देशाचा पदार्थ आणा' असा दिवस होता. घरात दोन दिवस आधीपासून चर्चासत्र सुरू. सौ.चं मत पुरणपोळी. माझं मत, हाताशी असलेला वेळ बघता, कांदेपोहे. धाकटी (वय वर्षं दहा) शांतपणे म्हणाली, "मी हक्का नूडल्स नेणार."

मी म्हटलं, "अगं, ते चिनी. आपलं नव्हे."

"माझ्या वर्गात चिनी मुलगी आहे, बाबा. तिला मी विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे असलं काही नसतं. मग ते कुणाचं?"

वाचकहो, माझी डॉक्टरेट उष्णतेच्या वहनावर आहे आणि पोट सॉफ्टवेअरवर चालतं. या दोन्हींपैकी कशातच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हणून गेले काही महिने फावल्या वेळात वाचत होतो. मंडळाच्या संपादकांनी "पुरवणीसाठी काहीतरी लांब लिहा" म्हणून लकडा लावला, तेव्हा म्हटलं, हेच लिहावं.

आधी आमच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करतो. २००८ साली मी संशोधनासाठी डब्लिनला आलो आणि पुढे विमानतळाजवळच्या या स्वोर्ड्स गावात स्थिरावलो. (गावाच्या नावाचा तलवारींशी काही संबंध नाही. मूळ आयरिश शब्द 'सोर्ड', म्हणजे शुद्ध, स्वच्छ. इथल्या संत कोलमकिल्लच्या विहिरीवरून पडलेलं नाव. पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेलं की हा खुलासा मला दर वेळी करावा लागतो.) त्या काळी हक्का नूडल्सचं पाकीट हवं असेल तर ४१ नंबरची बस पकडून शहरात ड्र्युरी स्ट्रीटवरच्या एशिया मार्केटला जायचं. हे दुकान १९८१पासूनचं. पण शनिवारी पावसात कोण जातो? तेव्हा गावातल्या सुपरमार्केटात जे मिळतं त्यावर भागवायला शिकलो.

मिळायची ती इटालियन स्पॅगेटी. ती नुसती उकडून परतली तर चव 'इटालियन बाईनं नेसलेल्या नऊवारी'सारखी: सगळं आहे, पण चाल वेगळी. चिनी पिवळ्या नूडल्सना जो एक निसरडा, तरीही ताठ असा पोत असतो, तो येतो पिठात घातलेल्या खारामुळे. सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या त्या पाण्याला जपानी लोक कानसुई म्हणतात. खारामुळे पिठातला चिवटपणा वाढतो आणि गव्हातलीच रंगद्रव्यं पिवळी पडतात. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच मोठ्यानं हसलो. अहो, हा तर आपला पापडखार! उडदाच्या पिठात आपल्या आज्या-पणज्या जे काम पापडखाराकडून करून घेत होत्या, त्याच जातीचं काम गव्हाच्या पिठात कानसुई करतो.

पापडखार स्वोर्ड्समध्ये मिळत नव्हता. पण खायचा सोडा मिळतो, आणि त्याला इथे नावच 'ब्रेड सोडा' आहे. आयर्लंडच्या हवेतला गहू मऊ, कमी चिवट; यीस्टच्या पावाला फारसा न मानवणारा. १८३०च्या दशकापासून इथल्या गरीब घरांत सोडा आणि ताक घालून पाव भाजायची पद्धत रुजली, ती आजतागायत आहे. म्हणजे आयरिश आजीच्या कपाटातली सोड्याची पुडी घ्यायची, इटलीची स्पॅगेटी घ्यायची, आणि चीनच्या नूडल्स करायच्या. कृती सोपी आहे. बारीकातली बारीक स्पॅगेटी घ्या. पाणी खळखळलं की लिटरला एक मोठा चमचा या हिशेबानं सोडा जपून, थोडा थोडा घाला. एकदम घातलात तर फेस शेगडीवर येतो आणि मग घरात जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहीत नाही. शिजल्यावर गार पाण्याखाली चांगली चोळून धुवा, नाहीतर साबणाची चव राहते. तेलाचा हात लावून पसरून ठेवा, जमल्यास रात्रभर.

दुसरी अडचण आचेची. गाडीवरच्या चायनीजवाल्याची शेगडी आठवा: विमान सुटल्यासारखा आवाज, कढईबाहेर ज्वाळा. हॉटेलातल्या तसल्या भट्टीची ताकद पंचवीस-तीस किलोवॅटच्या घरात असते. आमच्या विजेच्या शेगडीचा सगळ्यात मोठा वेटोळा दोन किलोवॅटचा. आता हिशेब बघा. दोन किलोवॅट म्हणजे मिनिटाला १२० किलोज्यूल. एक किलो पाण्याची वाफ करायला लागतात सुमारे २२६० किलोज्यूल. म्हणजे एक ज्यूलही वाया गेला नाही असं धरलं तरी मिनिटाला जेमतेम पन्नास ग्रॅम पाणी उडतं. तीनशे ग्रॅम कोबी आणि सिमला मिरचीत पाणीच असतं पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. ते सुटायला लागलं की परतणं संपलं, उकडणं सुरू. म्हणून चौघांच्या नूडल्स एकदम करू नयेत. आईनं दिलेली लोखंडी कढई धूर येईस्तोवर तापवायची आणि एकेका माणसापुरतं करायचं. चौथ्या माणसाला उशिरा मिळतं. आमच्याकडे तो चौथा माणूस मी.

व्हिनेगर म्हणून इथे फिश-चिप्सवर शिंपडतात ते माल्टचं चालतं. पातीच्या कांद्याला इथे 'स्कॅलियन' म्हणतात. कोबी टोकदार मिळतो तो घ्यावा, गोल कोबीपेक्षा लवकर परतला जातो. अजिनोमोटोची भीती बाळगू नका. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या सारातून तो वेगळा काढला. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि 'चायनीज खाल्लं की डोकं दुखतं' ही समजूत जगभर पसरली. पुढच्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा तसा त्रास होतो असं ठामपणे सिद्ध झालं नाही. टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्ये तोच पदार्थ निसर्गतः असतो. असो. पाककृती इथे पुरे.

आता धाकटीचा प्रश्न. कुणाचं?

पहिली गोष्ट, लांब तार काढून वाळवलेलं पीठ आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलं असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात पाटावर वळलेल्या हातशेवया, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, कोकणातले नारळाच्या रसातले शिरवाळे, रुखवतात मांडलेली गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे ही मंडळी घरचीच. आपण फक्त त्यांची खीर केली किंवा उपमा. कोबीबरोबर त्या कढईत परतायची बुद्धी मात्र आपली नव्हे. ती कुणी आणली, हे शोधताना मी थेट माझ्या जिल्ह्यात जाऊन पोचलो.

मी सातारचा. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी महाबळेश्वरला जायची आणि तिथे एक धबधबा दाखवायचे: चायनामन फॉल्स. मास्तरांना नाव का पडलं ते विचारलं, तर म्हणाले, "वह्या बाहेर काढू नका, भिजतील." उत्तर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८२८-२९च्या सुमारास, महाबळेश्वर गोऱ्या लोकांचं थंड हवेचं ठिकाण म्हणून वसलं. पुढे १८३०च्या दशकात तिथे एक तुरुंग होता आणि त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. पिनांग, मलाक्का, सिंगापूर या इंग्रजी वसाहतींमधून काळ्या पाण्यावर पाठवलेले हे लोक. आपल्याकडून माणसं अंदमानला जायची, त्यांच्याकडून आपल्याकडे यायची, आणि इथून, आयर्लंडमधून, ऑस्ट्रेलियाला. साम्राज्याची ही एक वेगळीच टपाल व्यवस्था होती.

या कैद्यांनी महाबळेश्वरात काय केलं? बागा केल्या. बटाटे आणि 'इंग्रजी भाज्या' पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४च्या सुमारास तुरुंग बंद झाला. धबधब्याजवळ त्यांच्या बागा होत्या म्हणून त्याचं ते नाव. आमच्या मुलुखात परदेशी भाजी रुजवणाऱ्यांत पायांत बेडी असलेले चिनी होते, हे मला बेचाळिसाव्या वर्षी, तेही आयर्लंडमध्ये बसून कळलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही.

स्वेच्छेनं आलेल्यांची गोष्ट निराळी. कलकत्त्याजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अच्यू नावाच्या चिनी माणसानं वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अचिपूर म्हणून ओळखलं जातं. त्यामागून सुतार आले, चांभार आले, कातडी कमावणारे हक्का आले. 'हक्का' या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहुणी घराणी'. उत्तरेकडून दक्षिण चीनमध्ये जाऊन राहिलेले हे लोक. शेकडो वर्षं झाली तरी तिथल्या शेजाऱ्यांनी पाहुणे हे नाव काही पुसलं नाही. आपल्या गाडीवर लाल अक्षरांत 'हक्का' रंगवणाऱ्या पेंटरला हा अर्थ माहीत असायचं कारण नाही.

मुंबईला आले ते मुख्यतः जहाजांवरचे आणि गोदीतले लोक. माझगावला नवाब टँक रोडवर त्यांनी १९१९ साली बांधलेलं सी यप कून हे देऊळ अजून आहे. खाली राहायची सोय, वर देव. कामाठीपुऱ्याच्या बाजूला शुक्लाजी स्ट्रीटला त्यांची वस्ती होती. दातांचे चिनी डॉक्टर मुंबईत प्रसिद्ध होते. चर्चगेटचं कामलिंग १९३०च्या दशकातलं, कुलाब्याचं नानकिंगही त्या जुन्या पिढीतलं. पण तिथे जाणारा मराठी माणूस विरळा. आमच्या घराण्यात चिनी माणसाशी संबंध आला तो जेवणामुळे नव्हे, कापडामुळे.

आईचं माहेर वाईचं. तिच्या लहानपणी, म्हणजे पन्नाशीच्या दशकात, वर्षातून एकदा दिवाळीआधी एक चिनी फेरीवाला सायकलवर रेशमाचं गाठोडं बांधून यायचा. ओसरीवर पांढरी चादर अंथरायची आणि त्यावर तो ठाण सोडायचा. मोडकं हिंदी, त्यात दोन-चार मराठी शब्द. आजी घासाघीस करायची, मग त्याला चहा द्यायची. कपबशी वेगळी ठेवलेली होती, हेही आई लपवत नाही. १९५९ साली धाकट्या मामाचं बारसं झालं तेव्हा त्याच्याकडून घेतलेल्या लाल रेशमाची कुंची शिवली.

१९६२च्या दिवाळीला तो आला नाही.

ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं होतं. सातारा जिल्ह्यात त्या वेळी काय वातावरण असेल याची कल्पना करा: आपल्या कऱ्हाडचे यशवंतराव नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणत होता. आईच्या शाळेतल्या मुलींनी खाऊचे पैसे संरक्षण निधीला दिले. आजीनं हातातली एक बांगडी दिली. या सगळ्याचा आईला अजून अभिमान आहे आणि तो असावाच. मी तिला फोनवर विचारलं, "आणि तो रेशीमवाला?" ती जरा थांबली. "नाही रे आला. पुढेही कधी नाही आला."

"कुणी विचारलं नाही?"

"कुणाला विचारणार? आणि तेव्हा विचारलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

त्याचं काय झालं हे मला कधीच कळणार नाही. त्याच्यासारख्या अनेकांचं काय झालं ते मात्र आता नोंदलेलं आहे. सरकारनं भारत संरक्षण कायद्याखाली चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना पकडून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. बहुतेक आसाम, दार्जिलिंग, उत्तर बंगाल या भागातले. कित्येकांचा जन्म इथलाच, काहींच्या आया आसामी किंवा खासी. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांना आगगाडीत बसवून कित्येक दिवसांचा प्रवास. त्यांच्यावर खटला नाही, आरोप नाही. ही देवळी मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. १९४०च्या सुमारास इंग्रजांनी डांगे, रणदिवे वगैरे कम्युनिस्ट पुढाऱ्यांना स्थानबद्ध केलं ते इथेच. त्याच कुंपणाआड स्वतंत्र भारतानं चहामळ्यातले सुतार आणि त्यांची पोरं ठेवली. शेवटचे लोक सुटले १९६७ साली. काहींना चीनला पाठवून दिलं. तो देश त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. घरी परतलेल्यांपैकी अनेकांची घरंदुकानं शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेली होती. पुढे बरेच जण कॅनडाला गेले. टोरांटोत आज 'हक्का चायनीज' नावाची हॉटेलं आहेत आणि तिथे आपल्या चवीचं मंचुरियन मिळतं, ते यामुळे.

यावर रीता चौधुरी यांची 'माकाम' ही आसामी कादंबरी २०१०मध्ये आली. जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचं 'द देवलीवालाज' हे इंग्रजी पुस्तक २०२०चं. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. माझ्या शालेय इतिहासात १९६२ होतं, देवळी नव्हती. मी परीक्षेत १९६२ची कारणं पाच मुद्द्यांत लिहून पूर्ण गुण मिळवलेले आहेत.

जे मागे राहिले त्यांनी काय केलं, तर आपल्याला जेवायला घातलं. नोकऱ्या मिळत नव्हत्या, संशय संपला नव्हता. स्वयंपाकघर आणि केस कापायचं दुकान एवढंच उरलेलं. कलकत्त्यात टांगऱ्याच्या हक्कांचे कातडी कारखाने चालू होते, पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते प्रदूषणामुळे शहराबाहेर न्यायचा हुकूम दिला, आणि टांगऱ्यातल्या बऱ्याच कारखान्यांची हॉटेलं झाली. मुंबईची गोष्ट त्याआधीची. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग १९७०च्या दशकात मुंबईत आले. १९७५ साली क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात कुणा गिऱ्हाइकानं "काहीतरी वेगळं द्या" म्हटलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली. भारतीय स्वयंपाकी इथे गरम मसाला टाकतो, त्याऐवजी त्यांनी सोया सॉस टाकला, कॉर्नफ्लोअरनं दाट केलं. हे चिकन मंचुरियन. मंचुरियाशी त्याचं नातं आपल्या 'बॉम्बे मिक्स'चं मुंबईशी आहे तितपतच. पदार्थाच्या जन्मकथा खुद्द जन्मदात्याच्या तोंडच्या असल्या तरी थोडं मीठ हाताशी ठेवूनच ऐकाव्यात हे मला मान्य आहे, पण ही कथा पदार्थाच्या चवीशी जुळते. आपला मसाला परतायचा क्रम त्यात जसाच्या तसा आहे.

तिथून पुढे हे ज्ञान हॉटेलातून फुटपाथवर उतरलं. ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगननं सत्तरच्या दशकात सिचुआन प्रांताचं तिखट जेवण मुंबईत आणलं, आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचं 'शेजवान' होऊन गाडीवर आलं. १९८३च्या सुमारास मॅगी आली आणि नूडल्स हा शब्द प्रत्येक घरात पोचला. अमेरिकेतल्या चिनी लोकांनी अमेरिकनांसाठी केलेली चॉपसुई आपल्याकडे 'अमेरिकन चॉपसी' म्हणून, वर तळलेलं अंडं घेऊन अवतरली. चायनीज भेळ तर पूर्णपणे आपली. आमच्या सातारला पोवई नाक्यावर मी पहिली चायनीजची गाडी पाहिली ती १९९४ साली. गाडीवर ड्रॅगन रंगवलेला, पण त्याला पेंटरनं गणपतीच्या मखरातल्या मोराची शेपटी काढली होती. चालवणारा आमच्याच गल्लीतला, आयटीआय झालेला. "शिकलास कुठं?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "मुंबैला एका नेपाळ्याकडं." आणि नेपाळी कुणाकडे शिकला असेल, ते वर आलंच.

आता एक गंमत सांगतो. सिचुआनच्या जेवणात जीभ झिणझिणवणारी एक मिरी असते. आपल्या शेजवान चटणीत ती कधीच नसते, मिळत नाही म्हणून. पण तिची सख्खी चुलत बहीण कोकणात आणि गोव्यात घरोघर आहे: बांगड्याच्या आमटीत टाकतो ते तिरफळ! वनस्पतिशास्त्राप्रमाणे दोन्ही एकाच कुळीची, झँथोझायलम. जे मिळत नाही म्हणून मुंबईच्या स्वयंपाक्यांनी वगळलं, ते पलीकडे मासळी बाजारात वाट्यावर विकायला बसलं होतं. आणि दोन्हीकडची लाल मिरची अमेरिकेतून आलेली. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून. मी हल्ली आईनं पाठवलेल्या तिरफळांच्या बिया काढून टाकतो, साल जरा भाजून, कुटून चटणीत घालतो. करून पाहा. बिया मात्र काढाच, दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं.

'याऐवजी ते' हा प्रकार नेहमीच इतक्या आनंदाचा नसतो. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला तेव्हा पंतप्रधान पील यांनी गुपचूप एक लाख पौंडांचा मका अमेरिकेतून मागवला. त्याला इथले लोक 'इंडियन मील' म्हणत, म्हणजे इंडियनांचं पीठ. ते इंडियन आपण नव्हे, अमेरिकेतले. दाणा इतका टणक की दोनदा दळावा लागे, आणि शिजवायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. अर्धकच्चं खाऊन लोकांची पोटं बिघडली. पिवळ्या रंगावरून त्याला 'पीलचं गंधक' असं नाव पडलं. हे मी आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "आमची मिलो!" १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. माण-खटावकडे दुष्काळी कामावर सुकडी आणि घरात मिलो. भाकरी थापली की चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. ती म्हणते, त्या वर्षी तिनं भाकरी करायचं नव्यानं शिकून घेतलं, पाणी उकळतं घेऊन. एकशेपंचवीस वर्षांचं अंतर, दोन देश, आणि बायका त्याच प्रश्नाशी झगडताहेत: आलेल्या धान्याला आपल्या हाताचं वळण कसं लावायचं.

आयर्लंडमध्ये चिनी माणसं आली ती बहुतेक हाँगकाँगची, ब्रिटनमार्गे, १९५०नंतर. गावोगाव त्यांची 'टेकअवे' झाली. त्यांनी आयरिश लोकांना काय खाऊ घातलं, तर करी! पिवळा, दाट, किंचित गोड करी सॉस बटाट्याच्या चिप्सवर ओतून. त्यात भात घातला की 'थ्री-इन-वन'. माझ्या ऑफिसातले आयरिश सहकारी लहानपणी 'इंडियन' चव म्हणून जे ओळखत होते, ती कँटनच्या माणसाच्या हातची होती. आपण चिनी म्हणून जे खात होतो ते मसाल्याच्या क्रमानं भारतीय. हिशेब फिटला म्हणायचा. डब्लिनच्या टेंपलओगमधल्या सनफ्लॉवर या चिनी टेकअवेत चिप्स, तळलेली कोंबडी, मिरच्या आणि कांदा मीठ-मसाल्यात घोळून कागदी पिशवीत द्यायला सुरुवात झाली असं मानतात. तोच 'स्पाइस बॅग'. हा पदार्थ चीनमध्ये नाही, पण आयर्लंडमध्ये त्याला कुणी परका म्हणत नाही. २०२५मध्ये तो शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला.

त्याच २०२५च्या जुलैत, १९ तारखेला, डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीय माणसावर हल्ला झाला. तो इथे येऊन काही आठवडेच झाले होते. त्याला खोट्या आरोपावरून मारहाण झाली. त्यानंतर आणखी प्रसंग घडले, १ ऑगस्टला आपल्या दूतावासानं सावधगिरीची सूचना काढली, आणि ऑगस्टातला 'इंडिया डे' पुढे ढकलला गेला. तुम्हांपैकी बहुतेकांच्या घरात त्या महिन्यात जी बोलणी झाली, तीच आमच्याकडेही झाली. मुलींना संध्याकाळी एकटं सोडायचं का, सौ.नं टिकली लावून बसनं जायचं का, घराच्या कर्जाची पुढची दहा वर्षं इथेच काढायची का. हेही सांगायला हवं की टॅलामध्ये त्या जखमी माणसाला मदत करायला थांबली ती तिथलीच एक बाई, आणि त्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरले तेही तिथलेच लोक. आमच्या शेजारच्या आजीबाई, ऐंशीच्या पुढच्या, त्या आठवड्यात काही कारण नसताना सोडा-ब्रेड घेऊन आल्या. दारात उभ्या राहून हवेविषयी बोलल्या आणि गेल्या.

देवळी आणि टॅला यांची तुलना मी करत नाही. एक सरकारनं केलेलं, दुसरं टोळक्यानं. पण आईचं ते वाक्य, "विचारलं असतं तर लोक काय म्हणाले असते", त्या ऑगस्टात मला दुसऱ्या बाजूनं ऐकू आलं. वाईच्या ओसरीवर आम्ही यजमान होतो. स्वोर्ड्सच्या ओसरीवर आम्ही गाठोडं घेऊन आलेले.

अशा दिवसांनंतर महिन्याभरात शाळेचा तो पदार्थांचा दिवस आला. धाकटीनं हक्का नूडल्सच नेल्या. सहा वेळा, एकेका माणसापुरत्या परतून, डबा भरला. टेबलावर पदार्थाच्या नावाचं कार्ड ठेवायचं होतं. खाली देशाचं नाव. तिनं कार्डावर काय लिहावं यावर पुन्हा चर्चासत्र झालं. शेवटी तिनं 'सातारा' लिहिलं. देश कुठला म्हणून बाईंनी विचारलंच नाही, बहुधा नकाशात शोधायला वेळ नसावा. चिनी मैत्रिणीनं दोनदा घेतलं आणि म्हणाली, छान आहे, पण हे स्पॅगेटी आहे ना?

गेल्या दिवाळीत आई इथे आली तेव्हा तिनं बॅगेतून तिरफळांच्या पुडीबरोबर ती कुंची आणली. मामाच्या बारशाची, मग माझ्या, मग आमच्या दोन्ही मुलींच्या. लाल रंग विटून तपकिरी झालाय, कडेचं रेशीम अजून चमकतं. मी पुन्हा एकदा विचारलं, त्या माणसाचं नाव काय होतं. आई बराच वेळ कुंचीची नाडी सरळ करत बसली. त्याला घरात सगळे 'चिनीमामा' म्हणायचे, एवढंच तिला आठवतं.